बापाची जीभ

तापातून उठला तेव्हा बापाची चव गेली होती.
खजूर, कॉफी, सुकी मासळी,
सगळं ओलं फडकं चघळल्यासारखं.
आणि आमचा धंदा तर जिभेचाच.
दोआनच्या खोऱ्यात पंचवीस वर्षं
बोट बुडवून सांगणारा माणूस:
हा सिद्रचा, हा बाभळीचा,
हा साखरेचा, घेऊन जा परत.

कुणाला सांगितलं नाही आम्ही.
मी शेजारी बसायचे, आधी चाखायचे,
मग त्याच्या गुडघ्यावर एक टिचकी: चांगला.
दोन टिचक्या: नको.
तो डोळे मिटायचा, मान हलवायचा,
आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, काय जीभ आहे सालमीनची!

त्या दिवशी मुकल्ल्याहून उबैद आला,
म्हाताऱ्या आईचा खोकला रात्रभर उसळतो म्हणून.
येताना परीक्षा घेऊन आला होता:
खिशात काडेपेटी, पिशवीत वाळू,
घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद.
मधात बुडवलेली काडी पेटली, तो हसला.
वाळूवर थेंब गोळा होऊन घरंगळला, तो आणखी हसला.

बाप म्हणाला, भल्या माणसा,
पाक घट्ट आटवला तर तोही घरंगळतो.
काडीला मधाचं काय कळतं?
आणि डबा थिजला म्हणून फेकू नकोस कधी,
काही मध थंडीत दाणेदार होतात,
त्यात फसवणूक नाही, फुलाचा स्वभाव आहे.
मधाला नको, आणणाऱ्याला विचार.

आणणारा समोरच उकिडवा बसला होता,
फरज बाकरमान, ओठ फुटलेले,
तीन डबे, मनगटावर नांग्यांचे जुने डाग.
मी तिन्ही चाखले.
तीन वेळा एकेकच टिचकी दिली.

बाप बराच वेळ गप्प.
मग विचारलं, पेट्या कुठे होत्या श्रावणापासून...
(मी आपलं आपल्या महिन्यात सांगते,
त्यानं त्याचा महिना म्हटला होता)
पाऊस किती झाला तिकडे?
फुलाआधी माश्यांनी काय खाल्लं, फरज?

फरजनं जमिनीवर रेघ ओढली. पुसली.
पुन्हा ओढली.
"पाऊस आलाच नाही, सालमीन.
साखर पाजली. मेल्या असत्या नाहीतर.
हे दोन डबे त्याच दिवसांतले.
हा लहान डबा नंतरचा,
सिद्र फुलल्यावर रात्रीच्या गाडीनं पेट्या नेल्या तिथला.
एवढाच आहे."

माझे कान तापले.
निरोगी जिभेला कळलं नव्हतं ते
नुसत्या विचारण्यानं बाहेर आलं.

उबैदनं लहान डबा घेतला, घासाघीस न करता.
बापानं फरजला त्याचे पूर्ण पैसे दिले,
मोठे दोन डबे साखरेच्या भावानं घेतले,
आणि झाकणावर तसं लिहून ठेवलं.
उबैदला म्हणाला, झोपताना एक चमचा,
घसा मऊ होईल, झोपही लागेल थोडी.
उकळत्या पाण्यात घालू नकोस, कोमट होऊ दे.
घरात वर्षाआतलं मूल असेल तर त्याला मुळीच नाही, बोट चाटवायलाही नाही.
आणि पंधरा दिवसांत खोकला नाही गेला
तर मधाच्या नादी लागू नकोस, डॉक्टर गाठ.

रात्री दिवा बारीक केल्यावर
त्यानं डब्याच्या काठावरचा ओघळ बोटानं टिपला,
तोंडात धरला, गिळला नाही.
"कसा आहे?"
म्हटलं, आधी लोणी.
मग उन्हात वाळलेलं पान.
शेवटी घशाशी किंचित खरखर,
जशी आपल्या घराच्या मातीच्या भिंतीला असते.
"अजून?"
अजून काही सुचेना.
"अजून," बाप म्हणाला, डोळे मिटून,
आणि मी पुन्हा बोट बुडवलं.